बडी कोण होणार?

एरवी या सदरात सासू, परीक्षा आणि झोप यांचीच पत्रं जास्त. या महिन्यात मात्र तीन पत्रं पाण्याची आली, त्यातही दोन स्कूबा डायव्हिंगची, म्हणजे पाठीवर हवेचं सिलिंडर लावून पाण्याखाली उतरण्याची. पत्रं थोडी कापली आहेत. ओळख पटेल असे तपशील काढले आहेत.

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही देवळाली कॅम्पजवळ राहतो. माझे मिस्टर तोफखान्यातून हवालदार म्हणून रिटायर झाले, वय ४७. पोस्टिंगवर असताना त्यांच्यासमोर स्फोट झाला, त्यात त्यांचा बडी, म्हणजे जोडीदार जवान, गेला. याबद्दल ते घरात एक शब्द काढत नाहीत, मला हे त्यांच्या युनिटमधल्या एका वहिनींकडून कळलं. रात्री दोन-अडीचला दचकून उठतात आणि गच्चीत जाऊन बसतात. हॉटेलात गेलो तर भिंतीला पाठ लावूनच बसणार. गणपतीत ढोल वाजायला लागले की बाथरूममध्ये जाऊन नळ सोडतात. दोन वर्षं गोळ्या चालू आहेत, आजार पीटीएसडी सांगितलाय, म्हणजे भयंकर प्रसंगाचा मनावर राहिलेला आघात. झोप थोडी सुधारली, बाकी आहे तसंच आहे. मुलगा इंजिनिअरिंगला आहे. परदेशात जखमी जवानांना स्कूबा डायव्हिंग शिकवून बरं करतात असा व्हिडिओ त्याने पाहिला. तो म्हणतो, दिवाळीत पप्पांना तारकर्लीला नेऊ, फटाके पण चुकतील आणि पाण्याखाली शांत वाटेल. त्याने बुकिंगचं बघून ठेवलंय. हे हो पण म्हणत नाहीत, नाही पण म्हणत नाहीत. न्यावं का?
— एक वाचक, देवळाली कॅम्प

उत्तर : वहिनी, तारकर्लीला जरूर जा. डाइव्हचं बुकिंग तेवढं थांबवा. फटाक्यांचे चार दिवस घर सोडून समुद्रकाठी काढायचे हे मुलाला सुचलं, यासाठी त्याला माझ्याकडून शाबासकी. इतक्या लहान वयात बापाच्या दचकण्याचा हिशेब ठेवणारी मुलं मी फार पाहिलेली नाहीत.

तुम्ही देवळालीच्या, म्हणून आधी एक किस्सा. इंग्रजीत ‘डूलाली’ असा शब्द आहे, डोकं फिरलेल्या माणसासाठी. तो तुमच्या गावाच्या नावावरून गेलाय. इंग्रजांच्या काळात मायदेशी परतणारे गोरे शिपाई देवळालीच्या छावणीत बोटीची वाट बघत महिनोन्‌महिने पडून असायचे. काहींचं डोकं ठिकाणावर राहायचं नाही. त्याला ते ‘डूलाली टॅप’ म्हणायचे, टॅप म्हणजे आपला ताप. पुढे पहिल्या महायुद्धात अशाच त्रासाला ‘शेल शॉक’ हे नाव आलं. १९१५ साली चार्ल्स मायर्स या डॉक्टरांनी तो शब्द ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापला, आणि शेल म्हणजे तर तुमच्या मिस्टरांच्याच खात्यातला तोफगोळा. पीटीएसडी हे नाव अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत १९८० साली आलं. हवालदारसाहेबांना मनातून लाज वाटत असेल तर हे त्यांना सांगून बघा. माझ्याकडे उपचारासाठी येणारे एक निवृत्त सुभेदार ‘देवळालीचा ताप’ ऐकून चार महिन्यांत पहिल्यांदा हसले होते.

आता व्हिडिओ. तो खोटा नाही. ब्रिटनमध्ये ‘डेपथेरपी’ नावाची संस्था जखमी माजी सैनिकांना डायव्हिंग शिकवते. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी पाठीच्या कण्याला इजा झालेल्या माजी सैनिकांना केमन बेटांवर नेऊन डायव्हिंग शिकवलं आणि २०११ मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले. फ्रान्समध्ये डायव्हिंग आणि ध्यान एकत्र करून ‘बॅथिस्मेड’ नावाची पद्धत बसवली आहे. तिथे एका गटाला डायव्हिंग आणि दुसऱ्याला नेहमीचे खेळ देऊन तुलनाही केली. बऱ्याच जणांना बरं वाटलं, हे खरं. पण हे गट छोटे असतात. शिवाय आठवडाभर निळा समुद्र, घरापासून लांब, बरोबर आपल्यासारखेच भोगलेले दहा जण, हातात शिकायला काहीतरी, कोणी ‘आता विसरा ते’ म्हणायला नाही. एवढं सगळं एकत्र दिल्यावर गुण पाण्याचा किती आणि संगतीचा किती, हे कसं काढणार? आणि या कार्यक्रमांत उपचार सोडून पाण्यात या असं सांगत नाहीत. उपचाराला जोड म्हणूनच हे चालतं.

पाण्याखाली काय होतं ते मी स्वतःवरून सांगते. दोन जणांनी लागोपाठ याबद्दल विचारलं आणि मला उत्तर देता येईना, तेव्हा ५१व्या वर्षी मी तारकर्लीला कोर्स केला. पोहायला मी नाशिकलाच शिकले होते, सावरकर तलावात, तेही चाळिशीत. तिसऱ्या दिवशी पाचेक मीटर खाली गुडघे टेकून बसलो होतो. मास्कमध्ये मुद्दाम पाणी भरायचं, नाकाने जोरात श्वास सोडून ते बाहेर काढायचं, असा धडा होता. तलावात छान जमला होता. इथे नाकात खारट पाणी गेलं आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट उरली, वर जायचं. शिक्षकाने माझ्या जॅकेटचा खांद्याचा पट्टा धरला, तळहात माझ्यासमोर आडवा धरला आणि तो हळूहळू खाली-वर करू लागला. श्वास घे, श्वास सोड. मी त्या हाताकडे बघत राहिले. आठ-दहा श्वासांनंतर माझ्या लक्षात आलं की माझ्याच बुडबुड्यांचा आवाज मला ऐकू येतोय आणि दुसरं काहीही नाही. त्याच्या नखाला निळं ऑइलपेंट लागलेलं होतं, ते अजून दिसतं मला.

ज्यांना बरं वाटतं त्यांना बहुधा याच जागी वाटत असावं. सिलिंडरच्या हवेवर भराभर श्वास घेऊन चालत नाही. लांब श्वास सोडावा लागतो, आणि लांब श्वास सोडला की छातीतली धडधड उतरते. कालचं आणि उद्याचं ठेवायला तिथे जागाच नसते. हवा किती उरली, कान दुखतोय का, जोडीदार कुठे आहे, एवढ्यातच माणूस गुंततो.

पण हवालदारसाहेबांच्या बाबतीत मला चार गोष्टींची धास्ती आहे.

पहिली कानांची. दहा मीटर खाली गेलं की दाब जमिनीवरच्या दुप्पट होतो आणि नाक दाबून कानात हवा ढकलत उतरावं लागतं. आयुष्य तोफांजवळ गेलेल्या, त्यात स्फोट झेललेल्या माणसाचे पडदे शाबूत आहेत का, हे कान-नाक-घसा तज्ज्ञाने दुर्बिणीतून बघून सांगितल्याशिवाय एक फूटही खाली जायचं नाही. फाटक्या पडद्यातून गार पाणी आत गेलं तर पाण्याखाली गरगरतं, वर कुठे आणि खाली कुठे कळत नाही. छातीचीही तपासणी हवी, आणि या वयात हृदयाचीही.

दुसरी दचकण्याची. दचकला की माणूस काय करतो? श्वास रोखतो. डायव्हिंगचा पहिला नियम आहे की श्वास कधीही रोखायचा नाही. दहा मीटरवर फुप्फुसात भरलेली हवा वर येईतो दुप्पट फुगते. श्वास रोखून कोणी घाबरून वर सुटला तर फुप्फुस फाटू शकतं, आणि त्याला दहा मीटरसुद्धा लागत नाहीत. ज्याच्या अंगाला दचकायची सवय लागली आहे त्याला हे आधी उथळ पाण्यात, महिनोन्‌महिने घोटून घ्यावं लागेल.

तिसरी, ‘पाण्याखाली शांत असतं’ या समजाची. नेहमी नसतं. पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून जास्त वेगाने जातो, त्यामुळे तो कुठल्या बाजूने आला हे कानाला कळत नाही. डोक्यावरून बोट गेली की तिचं इंजिन चहूबाजूंनी घरघरतं. दिवाळीत मालवणच्या समुद्रात पर्यटकांच्या बोटींची रांग असते. जो माणूस भिंतीला पाठ लावून बसतो, त्याला पाठीमागे नुसतं पाणी आणि दिशा नसलेली घरघर कशी वाटेल? कदाचित काहीच वाटणार नाही. पण हे पहिल्यांदा कळायची जागा समुद्राचा तळ नसावी.

चौथी गोळ्यांची. झोपेच्या आणि बेचैनीच्या काही गोळ्यांनी सुस्ती येते. भयानक स्वप्नांसाठी देतात त्यातल्या काहींनी रक्तदाब उतरतो. डायव्हिंग सेंटरवर एक वैद्यकीय फॉर्म भरून घेतात, त्यात हे सगळं विचारलेलं असतं. घाईत सगळीकडे ‘नाही’वर टिक मारून सही करणारे लोक मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहेत. तसं करू नका. मानसोपचारतज्ज्ञांकडून चिठ्ठी लिहून घ्या. गोळी किंवा डोस बदलला असेल तर निदान तीन महिने पाण्याचा विषय नको, हा माझा स्वतःचा नियम. आणि डाइव्हसाठी म्हणून गोळ्या परस्पर बंद करायच्या नाहीत. आदल्या रात्री रमही नाही, हे साहेबांना तुम्हीच सांगा.

मुलाने बघून ठेवलेलं बुकिंग बहुतेक पर्यटकांच्या डाइव्हचं असेल. त्यात काठाशी थोडा वेळ श्वास घ्यायला शिकवतात, मग एक जण मागून सिलिंडर धरून तुम्हाला खाली फिरवतो, मासे दाखवतो, व्हिडिओ काढतो आणि वर आणतो. मजेला ठीक आहे. पण मागून कोणीतरी धरलंय आणि आपण कुठे जायचं ते तोच ठरवतोय, हे तुमच्या मिस्टरांना नेमकं नको असलेलं आहे. कोर्समध्ये उलट असतं. तलावात सराव, मग समुद्रात चार डाइव्ह, आणि तो पार पडला की १८ मीटरपर्यंत जायचा परवाना. तिथे सूत्रं शिकणाऱ्याच्या हातात येतात. पर्यटन महामंडळाची तारकर्लीची संस्था २०१५ पासून असे कोर्स घेते. वेळ लागतो, पैसे लागतात, आणि यंदाच्या दिवाळीत ते होणार नाही.

आणि वहिनी, एक शब्द. तुमच्या पत्रात तो एकदाच आलाय. डायव्हिंगमध्ये कोणी एकटं उतरत नाही, प्रत्येकाला जोडीदार असतो आणि त्याला म्हणतात बडी. उडी मारायच्या आधी बडीने बडीचा एकेक पट्टा, एकेक बकल, हवेचा काटा हाताने तपासायचा. शिक्षक पहिल्याच दिवशी मोठ्याने विचारतो, ‘चला, तुमचा बडी कोण?’ तुमच्या मिस्टरांच्या कानावर हा प्रश्न बोटीवर, वीस अनोळखी लोकांत पडू नये असं मला फार वाटतं. तो आधी घरात पडू दे. किंवा माझ्यासारख्या कोणाच्या खोलीत.

कारण मूळ काम तिथेच बाकी आहे. गोळ्या चालू आहेत, पण त्या स्फोटाबद्दल त्यांना कोणी बोलतं केलेलं दिसत नाही. या आजारावर ज्यांचा सर्वाधिक पुरावा आहे ते उपचार बोलण्याचेच आहेत. घडलेलं टप्प्याटप्प्याने, सुरक्षित जागी पुन्हा सांगायचं, टाळलेल्या गोष्टींकडे हळूहळू जायचं. दुसरी एक पद्धत आहे ईएमडीआर. तीत आठवण मनात धरून डोळ्यांनी थेरपिस्टच्या बोटाचा माग घ्यायचा असतो. पुढच्या वेळी डॉक्टरांना थेट विचारा, ‘यांना ट्रॉमाची थेरपी कोण देईल? नाव लिहून द्या.’ पाच मिनिटांत हा प्रश्न बसतो. माजी सैनिक म्हणून ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेतून रेफरल मिळतं का तेही बघा.

दिवाळीत तारकर्लीला जा, भल्या सकाळी गुडघाभर पाण्यात उभे राहा. परत आल्यावर वाटलं तर नाशिकला तलावाची पहाटेची बॅच लावा, बापलेक दोघांनी. मास्क लावून उथळ पाण्यात उताणं-पालथं तरंगायचं, श्वास मोजायचे. सहा महिन्यांनी साहेब स्वतःहून ‘समुद्रात जाऊ’ म्हणाले तर तुमचा मुलगाही त्यांच्याबरोबर कोर्स करू दे. जेव्हा केव्हा डाइव्ह कराल, त्या दिवशी मुक्काम तिथेच करा. डाइव्हनंतर निदान १२ तास, जास्त डाइव्ह केल्या असतील तर १८ तास विमानात बसू नये असा दंडक आहे. आपला घाट विमानाएवढा उंच नाही, पण रात्रभर झोपून सकाळी निघालात तर काय बिघडतं?

आणि त्यांचं गप्प राहणं ‘हो’ समजू नका.

प्रश्न : मी २४ वर्षांची आहे, सिडकोत राहते. तीन आठवड्यांपूर्वी आमच्या गाडीला अपघात झाला. मला फार लागलं नाही, पण गाडीत बसलं की हात थरथरतात आणि ब्रेकचा आवाज कानात येतो. मैत्रिणी मालवणला डायव्हिंगला चालल्यात. म्हणतात, एकदा मोठी भीती घालवली की ही छोटी आपोआप जाईल. खरं आहे का?

उत्तर : नाही गं. भीती म्हणजे काही मोठी वाटी छोट्या वाटीवर पालथी घालायची वस्तू नाही. गाडीची भीती गाडीतच उतरते, पाण्यात नाही.

तीन आठवडे म्हणजे अजून पीटीएसडी म्हणायचीही वेळ झालेली नाही. त्यासाठी लक्षणं महिन्याच्या वर टिकावी लागतात, आणि बहुतेकांची आपोआप ओसरतात. रोज कोणाबरोबर तरी गाडीत बस. आधी नुसती उभ्या गाडीत, मग कॉलनीत एक फेरी, मग त्रिमूर्ती चौकापर्यंत. महिना-दीड महिन्याने हात तसेच थरथरत असतील तर तज्ज्ञाकडे जा. मालवणला जायचं तर जा, मजा कर. डाइव्ह करावीशी वाटली तर कर, नाही वाटली तर काठावर बसून सोलकढी पी. मैत्रिणींनी ढकललं म्हणून पाण्यात जायचं नाही, एवढंच.

प्रश्न : ताई, मी पंचवटीतला. लहानपणापासून गंगेत, म्हणजे आपल्या गोदावरीत, पोहतो. अठरा वर्षं झाली, कोणी बुडालं की पोलीस किंवा पब्लिक मला फोन करतात. जिवंत काढलेले मोजले होते, दुसरे मोजले नाहीत. पुरात नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गळ्याला पाणी असताना पण उतरलोय. कधी काही वाटलं नाही. मागच्या पावसाळ्यात शाळेतला एक मुलगा गेला. पाणी गढूळ, काही दिसत नाही, आम्ही हातानेच चाचपतो. त्याचा हात माझ्या हातात आला. तेव्हापासून अंघोळीचा तांब्या डोक्यावर घेतला की तो हात लागतो. दोन महिने झाले, अंग नुसतं पुसून घेतो. बायको विचारते, काय सांगू? मोबाइलवर वाचलं की पाण्यात बुडी मारून मनाचे आजार बरे करतात. मग मला पाण्यातच का झालं?

उत्तर : दादा, तुमचा प्रश्न मी चार वेळा वाचला. स्कूबाचं कौतुक करणाऱ्या सगळ्यांना तो विचारायला हवा.

त्यांचं पाणी आणि तुमचं पाणी एक नाही. त्यांना समोरचं दिसतं, तुम्ही आंधळ्यासारखे हाताने शोधता. ते सिलिंडरवर सावकाश श्वास घेतात, तुम्ही दम रोखून उतरता. ते दोघं-दोघं जातात, तुमच्याबरोबर बहुतेक वेळा दोरी धरणारा काठावर असतो. ते मासे बघायला जातात. तुम्ही कशासाठी जाता ते आपल्या दोघांनाही माहीत आहे. तेव्हा तुमच्यासाठी उपाय पाण्यात शोधायचा नाही, निदान आत्ता तरी नाही. कोरड्या जागी, खुर्चीवर बसून शोधायचा.

‘आपण काय फौजी आहोत का’ असं वाटत असेल तर ते काढून टाका. हा आजार फक्त युद्धावर गेलेल्यांचा नाही. अमेरिकेतल्या डॉक्टरांची ती यादी २०१३ मध्ये सुधारली तेव्हा कारणांत स्पष्ट लिहिलं की कामाचा भाग म्हणून ज्यांना पुन्हापुन्हा अशा गोष्टींना सामोरं जावं लागतं त्यांनाही हा होतो. त्यात उदाहरण दिलंय ते मृतांचे अवशेष गोळा करणाऱ्यांचं. म्हणजे तुमचंच. अठरा वर्षं काही वाटलं नाही आणि एका मुलाच्या हाताने सगळं वर आलं, असं होतं. घरात त्याच वयाचं कोणी आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. भेटलात की विचारेन.

तोवर तांब्या बाजूला ठेवा. नळाखाली आधी पाय, दुसऱ्या दिवशी हात, मग मान. डोकं सगळ्यात शेवटी. डोळे उघडे ठेवून, कोमट पाणी, दार नुसतं लोटून. हात लागल्यासारखं वाटलं तर आपल्याच हाताने दुसरा हात घट्ट धरायचा आणि बाथरूममध्ये दिसतील त्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्यायची. साबण, बादली, टॉवेल, काहीही. बायकोला वेड लागलंय असं वाटेल, तिला आधी सांगून ठेवा. मुलाचं सगळं सांगायची गरज नाही. ‘मागच्या पावसाळ्यातलं एक डोक्यात बसलंय, त्यावर इलाज चालू करतोय’ एवढं पुरे.

फोन आला तर सध्या जिवंत माणसासाठीच उतरा. बाकी कामाला पोलिसांना दुसरं नाव द्या. त्यात कमीपणा नाही. रात्री फारच झालं, जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटलं, तर १४४१६ हा सरकारचा टेली-मानसचा नंबर आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलतात. जिल्हा रुग्णालयातही मानसोपचाराची ओपीडी आहे. किंवा सरळ माझ्याकडे या, पत्ता मासिकाकडे आहे, फीचं नंतर बघू.

येताना एकटे येऊ नका. काठावर दोरी धरणारा तुमचा जो माणूस आहे, त्याला घेऊन या. त्याची झोप कशी आहे तेही मला विचारायचंय.